नावाला ओ

झटक्यानंतर अप्पांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तेव्हा मी खाली औषधं आणायला गेले होते. जिना चढून वर आले तर आयसीयूच्या दारात नर्स उभी होती आणि व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या नातेवाइकांना विचारत होती, "एब्योन कोन हाय इथं? पेशंट बोलवून राहिलेत." बाकांवरची माणसं एकमेकांकडं बघत होती. कुणीतरी शेजारच्याला ढोसून उठवलं, की बघ तुला तर नाही बोलावत.

कुणीच पुढं गेलं नाही. जाणार कोण? एब्योन नावाचा माणूस त्या दवाखान्यात नव्हता, लातुरात नव्हता, आणि अप्पांचं ऐकायचं तर तो जगाच्या पाठीवर कधी जन्मलाच नव्हता. मी नर्सला म्हटलं, मी त्यांची मुलगी, मलाच आत सोडा. ती म्हणाली, मॅडम, ते एब्योनला बोलावतायत.

आत्या माझ्या मागंच उभी होती. अप्पांची धाकटी बहीण, नायगावकडच्या खेड्यातून खबर मिळताच पहिल्या एसटीनं आलेली. तिनं काचेतून अप्पांचे ओठ हलताना पाहिले होते आणि आवाजही ऐकला होता. पदर तोंडावर धरून ती रडायला लागली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आबा येऊन राहिला म्हनतोय दादा. न्यायला आलाय त्याला आबा." आबा म्हणजे या दोघांचा थोरला भाऊ, वारून कितीतरी वर्षं झालेला. एब्योन, आबा येऊन. वाकडं झालेलं तोंड, मध्ये काच, त्यात आत्याचं वय. तिची काही चूक नव्हती. मी तिला समजावायला गेले की आत्या, हा आबा नव्हे, हा एक शब्द आहे, अप्पांच्या अभ्यासातला. ती म्हणाली, मरायला टेकलेला मानूस अभ्यास कशाला करील माय.

हे एब्योन प्रकरण नीट सांगितलं पाहिजे. अप्पा लातूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शब्द उकरायचे. तरुणपणी ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायच्या शिक्षणाला गेले होते. ते अर्ध्यात सोडून आले, पण तिथल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी लावलेलं हिब्रूचं वेड काही सुटलं नाही. हिब्रू मी म्हणते. अप्पा जुन्या ख्रिस्ती माणसांसारखं 'इब्री' म्हणायचे. एसटीत शेजारी कुणी बसलं की गावाच्या आधी ते नाव विचारायचे आणि नाव कळलं की अर्थ. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निम्म्या माणसांची नावं इब्री आणि ज्यांची नावं त्यांनाच अर्थाचा पत्ता नाही. अप्पा अर्थ घरपोच द्यायचे. एका धष्टपुष्ट कंत्राटदाराला त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या नावाचा अर्थ 'टाच धरणारा', म्हणजे ठकवणारा. तो माणूस पुढं कितीतरी दिवस आमच्या घराकडं फिरकला नाही.

पण त्यांचा खरा जीव होता तो विसरल्या गेलेल्या पंथांवर. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या काही शतकांत असे लोक होते, ज्यांना यहुदी रीतही सोडवत नव्हती आणि ख्रिस्तही सोडवत नव्हता. यहुद्यांनी त्यांना बाहेर काढलं, मंडळीनं त्यांना पाखंडी ठरवलं. त्यातले एक एब्योनी. इब्रीत एब्योन म्हणजे गरीब. ज्याच्याजवळ काही नाही आणि ज्याला सगळंच हवं आहे, असा. त्या लोकांनी हे नाव अभिमानानं लावलं होतं. पण त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्या पुढच्या विद्वानांना इब्रीचा गंध नव्हता. पंथ आहे म्हणजे तो काढणारा कुणीतरी असणारच, असं धरून त्यांनी एब्योन नावाचा एक माणूसच उभा केला. त्याचं गाव ठरवलं, त्याच्या चुका ठरवल्या आणि मग मनसोक्त शिव्या घातल्या. हे सांगताना अप्पा हसून हसून डोळे पुसायचे. शब्दाला माणूस समजण्याइतके हे लोक शहाणे, असं म्हणायचे. आणि मग हसू आवरून म्हणायचे, "आपनबी एब्योनीच."

त्यात खोटं नव्हतं. आमचे आजोबा गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झाले. गावाच्या लेखी ते होते तिथंच राहिले, आणि सवलतीची वेळ आली की सरकार म्हणायचं, धर्म बदलला ना, मग तुम्ही आता ते नाही. मोठ्या शहरांतले जुने ख्रिस्ती आमच्याशी बोलताना थोडं हळू आणि सोपं बोलतात. दोन्ही घरांनी दार लावून घेतलेल्या माणसांची गोष्ट अप्पांना उगाच आवडली नव्हती.

दुसरा एक पंथ होता, त्याच्या प्रमुखाचं नाव एलखसाय. त्याचा अर्थ 'लपलेलं सामर्थ्य'. नावातला 'खसाय' म्हणजे मुळातलं 'कसाय', लपलेलं, हे अप्पांनी मला शिकवलं तेव्हा मी शाळेत होते. ते म्हणाले, बघ, आपल्याकडं रस्त्यात भेटला की मानूस काय इचारतो? कसाय? आन् आपन म्हनतो, बराय. खरं काय ते लपलेलंच राहतं. तेव्हापासून मला कुणी 'कसाय' म्हटलं की आतल्या आत हसू यायचं. या पंथाची एक प्रार्थना होती, कुणालाच न कळणाऱ्या शब्दांची. प्रमुखाची ताकीद होती की अर्थ शोधू नका, नुसते शब्द म्हणा. अप्पांसारख्या लोकांनी अर्थ शोधलाच. मधल्या शब्दापासून दोन्ही बाजूंना उलटं वाचत गेलं की निघतं, न्यायाच्या मोठ्या दिवशी मी तुमचा साक्षी आहे. मला ही कल्पना फार आवडली, कारण आम्ही मैत्रिणी तेव्हा शाळेत 'च'ची भाषा बोलायचो. पाणी म्हणजे 'चणीपा', मला म्हणजे 'चलाम'. अप्पा म्हणाले, तेच ते, तुमच्या बाईंना कळू नाही म्हनून तुमी करता, रोमी शिपायाला कळू नाही म्हनून त्यांनी केलं असंल.

आता माझ्या नावाचं. ते इथं सांगत नाही. इब्री आहे, छोटं आहे, आणि शाळेच्या हजेरीत दर वर्षी चुकीचं लिहिलं जायचं. त्याचा कोशातला अर्थ मला लहानपणापासून माहीत होता. पण अप्पा म्हणायचे, तुझ्या नावाला दोन अर्थ आहेत, एक कोशातला आणि एक आतला. आतला मी ठेवलाय. कधी सांगणार विचारलं तर म्हणायचे, तुझ्या लग्नात. लग्न काही मी केलं नाही. मग म्हणायला लागले, तुला नोकरी लागली की. नांदेडला शिक्षिकेची नोकरी लागली, मग म्हणाले, घर घे. घेतलं. मग आमचा तो खेळच झाला. मी फोन ठेवताना विचारायची, सांगता का आज? ते म्हणायचे, घाई काय. मलाही घाई नव्हती. अप्पा कुठं पळून चालले होते?

आणखी एक त्यांची शिस्त होती. हाक मारली की ओ द्यायची. मी आतल्या खोलीत असो की गच्चीवर, त्यांनी नाव घेतलं आणि मी नुसतीच उठून समोर जाऊन उभी राहिले तर त्यांना चालायचं नाही. ते म्हणायचे, "आदी ओ दे. ओ दिली म्हंजे नाव पोचलं. काम मागून."

झटक्यानं अप्पांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूतला बोलण्याचा भाग मार खाऊन बसला आहे, समजण्याचा किती शाबूत आहे ते आत्ताच सांगता येत नाही, थोडं थोडं परत येईल, किंवा नाही येणार. असं सगळ्या बाजूंनी बरोबर ठरणारं बोलणं डॉक्टर लोकांना कसं जमतं कोण जाणे. त्यांनी मला विचारलं, हे एब्योन कोण, पेशंटच्या जवळचे आहेत का? मी म्हटलं, हो, फार जवळचे.

लातूरच्या घरी आणल्यावर त्यांच्या तोंडून तुटके आवाज यायला लागले. काही इब्रीचे तुकडे, काही मराठीचे, बरेचसे कशाचेच नाहीत. पण एब्योन मात्र स्पष्ट. पाणी हवं, एब्योन. पाय दुखतो, एब्योन. मी दिवसभर त्यांच्यासमोर बसून अर्थ लावायची. त्यांचे तुकडे उलटे करून बघितले, मधून दोन्हीकडं वाचून बघितले, 'च' काढून बघितला. माझ्या वयाची बाई, शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज टाकून, बापाच्या पलंगाशी बसून 'च'ची भाषा सोडवते आहे. मला एकच ऐकायचं होतं. मी स्वतःला सांगायची की त्यांना काय हवं ते कळावं म्हणून हे चाललंय, आणि ते खरंही होतं, पण त्या सगळ्याच्या खाली माझ्या नावाचा तो आतला अर्थ होता. तो त्यांच्याबरोबर गेला असता तर मी उरलेला जन्म अर्ध्या नावानं काढला असता. मला फार भीती वाटत होती.

बघायला येणारे दारातूनच विचारायचे, "कसाय अप्पा?" अप्पा डोळे मिटून घ्यायचे. आत्या म्हणायची, बराय.

आमच्या मंडळीत नुकतेच आलेले पाळक तरुण होते, गिटार वाजवणारे, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करणारे. ते एका रविवारी दुपारी आले. पलंगाशी गुडघे टेकले. अप्पांना त्या दिवशी काय झालं होतं माहीत नाही, पण त्यांच्या तोंडून एकामागून एक आवाज सुटायला लागले. घोगरे, गळ्यातले, मधूनच एब्योन, शेवटी सलामसारखं काहीतरी. पाळकांचा चेहरा उजळला. ते हळू आवाजात मला म्हणाले, ताई, हे अन्य भाषा बोलतायत, पवित्र आत्म्याची भाषा. मी म्हटलं, पाळकसाहेब, हा लकवा आहे. ते म्हणाले, लकवा शरीराला असतो. अशा माणसाशी भांडता येत नाही. त्यांना अप्पांबद्दल खरंच माया होती, हाच तर सगळा घोटाळा होता.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर माणसं आमच्या घरी आली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी आली. कुणाची परीक्षा, कुणाचा पोटाचा आजार. ती पलंगाभोवती सतरंजीवर बसायची आणि अप्पा काही बोलले की आमेन म्हणायची. ज्या माणसानं हयातभर एकेका शब्दाचा अर्थ लोकांच्या गळी उतरवला आणि त्यापायी लोक तोडले, त्याच्याकडं आता बिनअर्थाच्या शब्दांसाठी गर्दी होत होती. अर्थ शोधू नका, नुसतं म्हणा. एलखसायची ताकीद अशी इतक्या शतकांनी आमच्या हॉलमध्ये पाळली जात होती आणि त्यावर माझ्याबरोबर हसायला अप्पाच नव्हते. मला रागही आला आणि रडूही आलं. आत्याला मात्र सगळं पसंत होतं. ती येणाऱ्यांना चहा द्यायची.

त्यात चाकूरहून एक बाई यायची. तिच्या सुनेला दिवस गेले होते, आधी दोनदा पोट पडलं होतं, म्हणून ही घाबरलेली. ती अप्पांच्या उशाशी बसली आणि तिनं त्यांचा चांगला हात हातात घेऊन विचारलं, अप्पा, लेकरू राहील ना? अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, एब्योन. त्यांना बहुतेक पाणी हवं होतं, कारण नंतर मी वाटी लावली तर गटागटा प्याले. पण ती बाई डोळे पुसत उठली आणि कुणाशी न बोलता गेली.

लातूरचं घर, पाण्याचा टँकर, रविवारची गर्दी, माझी संपत आलेली रजा, हे सगळं झेपेना तेव्हा मी अप्पांना नांदेडला माझ्या घरी आणलं. आत्याही आली. रुग्णवाहिकेत अहमदपूर ओलांडेपर्यंत अप्पा खिडकीच्या पट्टीतून बाहेर बघत होते आणि मग झोपले. नांदेडला शाळेत माझं सकाळचं सत्र असायचं. मी यायची तोवर आत्या सांभाळायची. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून यायच्या, चित्रांचे पत्ते दाखवायच्या. कप, गाय, छत्री. अप्पा सगळ्यांना एब्योन म्हणायचे. कपही गरीब, गायही गरीब. त्या बाई म्हणाल्या, तुम्ही त्यांना तुमच्या नावानं हाक मारायला लावा, जवळच्या माणसाचं नाव कधीकधी लवकर येतं. मी रोज समोर बसून छातीला बोट लावायची. मी कोण? अप्पा खूप प्रयत्न करायचे. कपाळावर घाम यायचा. शेवटी लाजून हसायचे आणि म्हणायचे, एब्योन. मग मीही मान डोलवायची, बरोबर आहे म्हणायची. काय चूक होतं त्यात.

चार महिन्यांचं लेकरू घेऊन चाकूरची बाई नांदेडला आली. सून आणि मुलगा बरोबर, पेढ्यांचा बॉक्स, अप्पांसाठी शाल. लेकरू गुटगुटीत होतं, कपाळाला काजळाचा मोठा ठिपका. तिनं ते अप्पांच्या मांडीशी ठेवलं आणि मला म्हणाली, "अप्पांनी सांगितलं तेच नाव ठिवलं बघा, मॅडम. एब्योन." मंडळीत बाप्तिस्माही त्याच नावानं झाला होता. पाळकांना अर्थ विचारला तर ते म्हणाले, पवित्र नाव आहे, आत्म्यानं दिलेलं.

माझ्या हातात पेढा होता. शब्दाला माणूस समजणाऱ्या त्या विद्वानांवर अप्पा इतकी वर्षं हसले, आणि शेवटी त्यांच्याच तोंडून तो माणूस जन्माला आला, चाकूरला, काजळ लावून. मी त्या सुनेकडं बघितलं. सांगायला हवं होतं. शाळेत कुणीतरी कधीतरी त्या मुलाला अर्थ सांगेल, मोबाईलवर तर दोन मिनिटांत सापडेल, की बाबा, तुझ्या नावाचा अर्थ दरिद्री. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला आत बोलावून घेतलं. म्हटलं, आत्या, यांना सांगू का?

इथं आत्याच्या नावाचं सांगायला पाहिजे. तिच्या आधीची भावंडं पाळण्यात गेली होती, म्हणून आजीनं तिचं नाव ठेवलं त्याचा अर्थ उकिरडा. मरणाची नजर पडू नये म्हणून. ख्रिस्ती झालेल्या घरातही ही रीत कुणी सोडली नव्हती. बाप्तिस्म्यात पाळकांनी तिला 'जीवन' अर्थाचं चांगलं नाव दिलं, पण ते मंडळीच्या दारातच राहिलं. सासरी-माहेरी, रेशन कार्डावर सगळीकडं ती उकिरडाच. अप्पांना त्याची फार लाज वाटायची. ते तिला कधी नावानं हाक मारत नसत.

आत्यानं विचारलं, गरीब म्हंजे आपल्यावानी का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे की. माझं काय नाव हाय ते म्हाईत हाय ना तुला? समदी गेली, मी हाय." आणि ग्लासांचा ट्रे घेऊन बाहेर गेली. मी काहीच सांगितलं नाही. बाहेर ते सगळे लेकराला एब्योन, ए एब्योन, असं म्हणून हसवत होते, आणि अप्पा बिछान्यातून गोंधळून प्रत्येक वेळी त्यांच्याकडं मान वळवत होते. त्यांचा एकुलता एक शब्द सगळ्यांच्या तोंडी होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पांना दुसरा झटका आला, लहानसा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा एब्योन गेला होता. तोंडातून नुसता श्वास. मी सकाळी शाळेत जाताना त्यांना सांगून जायची, येते अप्पा. एका सकाळी चप्पल घालत होते आणि आतून माझं नाव आलं.

स्पष्ट. हजेरीत कुणालाच न जमलेलं, अप्पांच्याच उच्चारातलं. मी एक पाय चप्पलेत तशीच आत धावले. आत्या त्यांना चहा पाजत होती. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चहाच्या बशीकडं बघत त्यांनी पुन्हा माझं नाव घेतलं. आत्यानं बशी पुढं केली, त्यांनी घोट घेतला. मग पंख्याकडं बघून माझं नाव घेतलं. मग आत्याकडं बघून.

एब्योनच्या जागी मी आले होते. एवढंच झालं होतं.

डॉक्टर म्हणाले असं होतं, एक शब्द अडकून राहतो, तोच सगळ्याला वापरला जातो, त्यात भावनेचं काही समजू नका. मीही तसं काही समजले नाही. पण दिवसभर आपलंच नाव ऐकायचं आणि ते आपलं नाही हे समजून घ्यायचं, हे कुणालाही सांगून कळणार नाही. सकाळी माझ्या नावाचा अर्थ चहा, दुपारी कूस बदला, संध्याकाळी दिवा लावा. गुरुद्वाऱ्यातून कीर्तनाचा आवाज आला की तेही माझंच नाव. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी छत्रीचा पत्ता दाखवला, मी छत्री झाले. इतकी वर्षं एकच अर्थ मागत होते, आता हवे तेवढे घे, असं माझं मलाच म्हणून मी हसायची. आत्या विचारायची काय झालं. मी म्हणायची, काही नाही, बराय.

आणि तरी मला आस होती. एवढ्या वेळा म्हणतील, तर एकदा तरी ते खरं माझ्यासाठी असेल. चुकून का होईना.

उन्हाळ्यातली दुपार होती. सुट्टी लागलेली. आत्या बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. अप्पांनी हाक मारली. मी पाण्याची वाटी लावली, त्यांनी ओठ मिटले. उशी बदलली. पुन्हा नाव. पंखा वाढवला, कमी केला. पाय चोळले. पडदा सरकवला, परत ओढला. लघवीचं भांडं नुकतंच देऊन झालं होतं, म्हणून ते मी विचारातच घेतलं नाही. अप्पा थांबेनात. त्यांचा आवाज चढत होता, चांगला हात पलंगाच्या कडेवर आपटत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांच्या आणि माझ्याही. काय पाहिजे अप्पा, काय पाहिजे ते दाखवा तरी. नाव. सांगताय का, दुसरा अर्थ सांगताय का मला? नाव. मी थकून खाली फरशीवर बसले, पलंगाच्या लाकडाला डोकं टेकवून. मला काहीही येत नव्हतं. कोशातलं नाही, आतलं नाही, माझ्या बापाला या क्षणी काय हवं आहे एवढंही नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, ओ.

अप्पा गप्प झाले.

मी मान वर केली. हात आपटायचा थांबला होता. चेहरा सैल पडला होता, वाकडं तोंडसुद्धा थोडं सरळ झाल्यासारखं. ते माझ्याकडंच बघत होते. माझ्या लक्षात आलं की या सगळ्या महिन्यांत त्यांनी किती वेळा नाव घेतलं आणि मी प्रत्येक वेळी वाटी, उशी, पंखा घेऊन धावले. ओ एकदाही दिली नव्हती. नाव पोचलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी ओरडून आत्याला बोलावलं. आत्या, अप्पा मला हाक मारत होते गं. खरंच मला.

आत्या डोळे चोळत आली. तिनं आधी अप्पांकडं बघितलं, मग त्यांच्या अंगाखाली हात घातला, जसा ती दिवसातून कितीदा तरी घालायची. "ओलं केलंय," ती म्हणाली. "झालं म्हनून गप बसलाय. मघापासून तेच मागत असंल बिचारा."

मी उठले. कपाटातून धुतलेली चादर आणि रबरी शीट काढली. आम्ही अप्पांना एका कुशीवर केलं, आत्यानं पाठ पुसली, मी पावडर लावली. ओली चादर तिच्याकडून माझ्याकडं गुंडाळत आणली, कोरडी माझ्याकडून तिच्याकडं. अप्पांचं अंग किती हलकं झालं होतं ते अशा वेळी कळायचं.

चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं आणि एक माझ्या, तेवढ्यात अप्पांनी भिंतीकडं तोंड असतानाच पुन्हा माझं नाव घेतलं. आता त्याचा अर्थ काय होता ते मला माहीत नव्हतं.

मी आधी ओ दिली, मग चादर ओढली.